आईचा खुबा: ऑपरेशन श्टुटगार्टला, पुढची देखभाल सांगलीत

२४ मे २०२५, शनिवार

आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. ती जर्मनीत श्टुटगार्टला ताईकडे गेलीये, मंगळवारी २० तारखेला ताईच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून पडली, उजव्या खुब्याचं हाड मोडलं, मांडीच्या हाडाची मान असते ती जागा. बुधवारी दुपारी टोटल हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा अख्खा सांधा बदलायचं ऑपरेशन, झाली सुद्धा. ताई म्हणाली तिकडे नियमच आहे २०२१ पासून, खुब्याचं फ्रॅक्चर शक्यतो २४ तासांच्या आत ऑपरेट करायचं. आई ६८ ची, शुगर आहे, बीपी आहे, तिला अंथरुणात ठेवण्यात काहीच अर्थ नव्हता. गुरुवारी तिला वॉकर धरून उभं केलं, व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि मग जीवात जीव आला.

तिकडचं ताई आणि दाजी बघतायत. इकडचं माझ्याकडे. इकडचं म्हणजे आई परत आल्यावर तिला कोण डॉक्टर बघणार, ती झोपणार कुठे, संडासला कशी जाणार, रात्री अचानक पाय सुजला तर फोन कोणाला करायचा. ऑपरेशन करणारा माणूस समुद्रापलीकडे राहिला आणि पेशंट सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात, या दोन्हीच्या मधे जे काही आहे ते आपोआप होत नाही, कोणीतरी उभं राहून करावं लागतं. म्हणून या नोंदी, ताईला पण शेअर केल्यात, तिने तिच्या बाजूचं यातच लिहायचं.

पहिलं गणित तारखांचं. आई १५ एप्रिलला उतरली, शेंगेन व्हिसा ९० दिवसांचा, म्हणजे १३ जुलै शेवटचा दिवस. सर्जन म्हणतात सहा आठवडे तरी लांबचं विमान नको, म्हणजे २ जुलै. मधे मिळाले दहा-अकरा दिवस. त्यातच बसवायचं. तब्येतीमुळे प्रवास जमला नाही तर तिकडच्या ऑफिसात मेडिकल सर्टिफिकेट देऊन मुदत वाढवायला अर्ज करता येतो, त्याची चौकशी ताई आत्ताच करून ठेवतेय, शेवटच्या आठवड्यात पळापळ नको.

२८ मे

पैशाचं. व्हिसासाठी जो ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, कमीत कमी ३०,००० युरोचा, तो होता म्हणून हॉस्पिटलचं बिल निघतंय, त्यात सगळं बसतंय. पण ती पॉलिसी तातडीच्या उपचारांची, प्रवास संपला की ती संपली. मग आईची इथली मेडिक्लेम काढून बसून वाचली, बारीक अक्षरात. डिस्चार्जनंतरचे ६० दिवस कव्हर आहेत पण ज्या अ‍ॅडमिशनचा क्लेम त्यांनी मान्य केला त्याच्याशी जोडलेलेच, आणि पॉलिसी फक्त भारतातल्या अ‍ॅडमिशनला. म्हणजे इथले एक्सरे, फिजिओ, तपासण्या, आईला सांभाळायला ठेवायच्या मावशी सगळं खिशातून. एवढं आधी कळलं ते बरं झालं, बजेट मांडता येतं. एक गोष्ट मात्र ईमेल करून लेखी विचारलीये, की याच खुब्याच्या त्रासाने भारतात नव्याने अ‍ॅडमिट करावं लागलं तर क्लेम चालेल का. फोनवर गोड बोलतात सगळे, मला लेखी पाहिजे.

३१ मे

आईला काल डिस्चार्ज मिळाला. तिकडच्या लोकांना अशा ऑपरेशननंतर तीन आठवडे रिहॅबच्या वेगळ्या सेंटरला पाठवतात, बहुतेक खर्च त्यांच्या विम्यातून. आईला ते लागू नाही, ती पाहुणी. ताईने घरी येणारी फिजिओ लावलीये. टाक्यांच्या जागी क्लिपा आहेत, त्या ताईच्या फॅमिली डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात निघतील.

ताईला आज कागदांची यादी पाठवली, आणि सांगितलं की आई तिकडे आहे तोवर हे सगळं हातात घे, नंतर मागवायचं म्हणजे महिने जातात. डिस्चार्ज लेटर तर पाहिजेच, पण ते पुरत नाही. ऑपरेशन नोट वेगळी असते, ती मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि इथल्या सर्जनला खरी तीच लागते कारण खुबा कुठल्या बाजूने उघडला, पुढून, बाजूने की मागून, ते त्यात असतं. मागून उघडला असेल तर सांधा निसटायची भीती जास्त आणि वाकण्या-बसण्याची पथ्यं कडक, बाजूने किंवा पुढून असेल तर पथ्यं थोडी वेगळी. मग इम्प्लांटचं कार्ड. युरोपात ते द्यावंच लागतं, त्यावर कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर असतो. पंधरा वर्षांनी समजा सांध्याचा एकच भाग बदलायची वेळ आली तर कुठला गोळा कुठल्या दांड्याला बसतो हे त्या कार्डाशिवाय कोणी सांगू शकणार नाही. आणि एक्सरे मोबाईलवर काढलेले फोटो नकोत, सीडीतलं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून, डायकॉम फाइली म्हणतात त्या.

अजून एक, आईची सही असलेलं संमतीपत्र हॉस्पिटलमधे दिलं की माझी माहिती माझ्या मुलीला आणि भारतातल्या डॉक्टरला द्यायला हरकत नाही. हे नसेल तर ते लोक ईमेलला उत्तरच देत नाहीत, पेशंटची मुलगी असली तरी. ताईने कालच देऊन टाकलं.

४ जून

डॉक्टर शोधणं. सगळ्यात अवघड भाग हाच निघाला आणि मला वाटत होतं हा सगळ्यात सोपा असेल, कारण मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९० च्या दशकात दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातून पण माणसं इथे येतात, आणि हाडाचे डॉक्टर तर सांगली-मिरज मिळून किती असतील. पण पेशंट दुसऱ्याने ऑपरेट केलेला, तोही परदेशात, म्हटलं की माणसं मागे सरतात. पहिले सर्जन स्वच्छ बोलले, दुसऱ्याच्या ऑपरेशनची जबाबदारी मी घेत नाही, जिथे केलं तिथेच दाखवा. दुसरीकडे म्हणाले या पेशंटला घेऊन, मग बघू. मला "मग बघू" चालणार नव्हतं.

त्यांची बाजू मला समजते. पुढे जंतुसंसर्ग झाला, सांधा ढिला झाला, तर नातेवाईक त्यांच्याच दारात उभे राहणार, आणि आत काय बसवलंय ते त्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून तिसऱ्या सरांकडे जाताना पेशंट नाही, फाइल घेऊन गेलो. जेवढं आलं होतं तेवढं प्रिंट करून, वर एक पान मराठीत-इंग्रजीत: वय, आजार, गोळ्या, कधी पडली, काय केलं, कुठला इम्प्लांट, सर्जनचा ईमेल, आम्हाला तुमच्याकडून काय पाहिजे. शेवटच्या ओळीत लिहिलं की नव्याने काही करायचं नाही, सहा आठवड्यांची तपासणी, तीन महिन्यांचा एक्सरे, आणि मधे काही बिघडलं तर बघणारा एक माणूस पाहिजे. सरांनी ते पान दोनदा वाचलं. म्हणाले ऑपरेशन नोट इंग्रजीत आणून द्या, आणि तिकडच्या सर्जनना सांगा मी एक ईमेल करीन, उत्तर आलं तर पेशंट माझा.

तिकीट अजून काढलेलं नाही. डॉक्टर पक्का झाल्यावरच काढणार असं ताईला सांगितलंय.

१० जून

उत्तर आलं. जर्मन सर्जननी एक पानी इंग्रजी समरी लिहून दिली, सही-शिक्क्यासह: बाजूने उघडलेला खुबा, सिमेंट न वापरता बसवलेला सांधा, पूर्ण वजन टाकायला परवानगी, ९० अंशापेक्षा जास्त वाकणं आणि पायावर पाय टाकणं बारा आठवडे बंद. मिरजेच्या सरांनी दोन प्रश्न विचारले होते, दोन्हीची उत्तरं आली. त्या दोघांचा मेल चालू झाला आणि माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

मूळ डिस्चार्ज लेटर चार पानी जर्मनमधे आहे. ताईची एक मैत्रीण तिकडे भूलतज्ज्ञ आहे, मराठीच, तिने ओळ न ओळ इंग्रजी करून दिलं. मशीनने केलेलं भाषांतर पण होतं आमच्याकडे पण गोळ्यांच्या भागात त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं.

आकडे वाचायची पद्धत वेगळी आहे, ती इथे लिहून ठेवतो, मावशी आणि मेडिकलवाल्यांना दाखवायला. तिकडे पॉइंटच्या जागी स्वल्पविराम देतात, म्हणजे हिमोग्लोबिन ९,८ लिहिलंय ते ९.८. गोळ्यांचे रकाने चार असतात, सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना, म्हणून १-०-०-१ म्हणजे सकाळी एक आणि झोपताना एक. आपल्याकडे तीनच आकडे बघायची सवय आहे. शुगरची तीन महिन्यांची टेस्ट ५३ आलीये ती टक्क्यात नाही, त्यांच्या दुसऱ्या मापात आहे, आपल्या हिशोबाने ७ टक्के. व्हिटॅमिन डी ३५ आहे पण त्याला अडीचने भागायचं, म्हणजे आपल्याकडचं १४. आणि १४ म्हणजे खूपच कमी.

१४ जून

आज आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आईच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर घेऊन गेलो, कंपनीचं नाव नाही, फक्त औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम. डॉक्टर गेली वीसेक वर्षं आईला बघतायत. त्यांनी पेन घेतलं आणि दोन नावांभोवती गोल केला. टेल्मिसार्टन आईची इथली, तिने नेलेली. कँडेसार्टन हॉस्पिटलने दिलेली, त्यांच्या स्टॉकमधे तीच होती म्हणून. दोन्ही एकाच जातीची बीपीची औषधं, आणि आई दोन्ही घेत होती, एक सवयीने आणि एक कागदावर आहे म्हणून. गेले काही दिवस उठल्यावर गरगरतं म्हणत होती ते यानेच असणार असं डॉक्टरांचं मत. तिथूनच ताईला फोन लावला, ताई तिकडच्या डॉक्टरांशी बोलली, आजपासून एकच. नुकताच खुबा बसवलेल्या माणसाला गरगरून पडणं परवडणारं नाही.

दुखण्यासाठी तिकडे मेटामिझॉल नावाचे थेंब देतात, जर्मनीत सर्रास, अमेरिकेत मात्र १९७० च्या दशकातच बंद झालेलं औषध, क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम पडतात म्हणून. आमचे डॉक्टर म्हणाले इथे आल्यावर पॅरासिटामॉल ६५० वर आणू, थेंबांची बाटली आणायचीच नाही.

पोटात घ्यायचं इंजेक्शन चालू आहे, एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक, ३५ दिवस. ते २५ जूनला संपतं. विमानाच्या दिवशी एक जादा द्यायचं असं सर्जननी लिहून दिलंय, शिवाय घट्ट मोजे.

२२ जून

घर. आमचं घर गावभागात, जुनं, जाड भिंती, प्रत्येक खोलीला उंबरा, आणि न्हाणीघर दोन पायऱ्या खाली. आईची खोली माडीवर होती. ती आता खाली आणली, बाहेरच्या खोलीत, जिथून संडास जवळ.

ताई म्हणत होती तिकडचा चाकांचा वॉकर, ब्रेक असलेला, तोच पाठवते. नको म्हटलं. तो सपाट जमिनीसाठी, आमच्या उंबऱ्यांवर तो अडणार आणि आई पुढे जाणार. इथला साधा अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा वॉकर हजार-दीड हजारात मिळतो, उंची कमी-जास्त होते, हात सरळ सोडल्यावर मनगटाची रेघ जिथे येते तिथे मूठ पाहिजे असं फिजिओ मॅडमनी सांगितलं. दोन उंबरे सुताराकडून काढूनच घेतले, तिसरा देवघराचा, तो आईला विचारल्याशिवाय काढायला मन होईना, तिला फोन केला तर म्हणाली त्याला उतार लावून घे, काढू नको. लाकडी उतार लावला.

कॉटच्या चारी पायांखाली ठोकळे, बसल्यावर गुडघा खुब्याच्या खाली राहिला पाहिजे एवढी उंची. खुर्च्यांचं तेच. सोफा बाद, त्यात माणूस रुततो. संडास भारतीय पद्धतीचा होता, त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणली आहे पण ती हलते, म्हणून प्लंबर लावून कमोडच बसवून घेतोय आणि वर उंच सीट. धरायला भिंतीत दांडा ठोकायचा होता, मिस्त्रीने ड्रिल मारलं आणि मातीच बाहेर आली, भिंत मातीच्या गिलाव्यातली. अशा भिंतीतला दांडा ऐनवेळी हातात येणार. मग जमिनीत काँक्रीट करून त्यात लोखंडी पाइपची चौकट उभी केली, वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणली, मी स्वतः लटकून बघितलं. न्हाणीघरातल्या कडप्प्यावर रबरी मॅट, प्लास्टिकची उंच खुर्ची, हँड शॉवर.

बायकोने विळी उचलून माळ्यावर ठेवली. आई आली की पहिल्या दिवशी विळीवर बसून भाजी चिरायला घेणार हे तिला माहिती आहे.

२७ जून

तिकीट झालं. ५ जुलै, फ्रँकफर्ट ते मुंबई थेट, साधारण आठ तास, मधे विमान बदलणं नाही. सोबत ताई येतेय, तीन आठवडे रजा काढून.

एअरलाइनचा एक मेडिकल फॉर्म असतो, पेशंट प्रवासाला योग्य आहे असा, तो डॉक्टरांनी भरायचा आणि प्रवासाच्या जवळची तारीख पाहिजे, फार आधीचा चालत नाही. व्हीलचेअर मागताना तीन प्रकार विचारतात आणि हे समजून घेण्यासारखं आहे. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या जमतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. आईसाठी मधला घेतला. विमान लांब उभं असलं आणि शिडीने चढायची वेळ आली तर मग लिफ्टची गाडी येते, पहिला प्रकार टाकला असता तर शिडी चढ म्हणाले असते.

सीट आइलची, आणि उजवा पाय पॅसेजच्या बाजूला येईल अशी, म्हणजे अधूनमधून लांब करता येईल. इमर्जन्सी दरवाज्याजवळची मोकळी जागा अशा पेशंटला देत नाहीत. इंजेक्शन, गोळ्या, सगळी फाइल हातातल्या बॅगेत, सामानात काहीही नाही. सिक्युरिटीच्या मशीनमधे खुबा वाजणार, कार्ड दाखवलं तरी हाताने तपासतातच, तेवढा वेळ धरायचा.

आणि मेडिक्लेमवाल्यांचं उत्तर आलं. भारतात नव्याने अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर नेहमीच्या अटींवर क्लेम चालेल. प्रिंट काढून फाइलला लावलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

पहाटे मुंबईत उतरल्या. मी आत्याकडे पार्ल्याला, तिथे लिफ्ट आहे. आई व्हीलचेअरवरून बाहेर आली, चेहरा थकलेला पण पाय सुजलेला नाही, पोटऱ्या दाबून बघितल्या, ताप नाही. विमानात दर तासाला उठवून चार पावलं चालवलं म्हणे ताईने. शुगर बघितली, ठीक. एकादशीचा उपास धरायचा म्हणत होती, ताईने गोळ्यांचा कागद पुढे ठेवला आणि भगर खायला लावली.

आज-उद्या इथेच मुक्काम, मगच सांगली.

८ जुलै

पोचलो. महालक्ष्मी एक्सप्रेसचा विचार केला होता पण डब्याच्या पायऱ्या आणि प्लॅटफॉर्मची गर्दी बघून सोडून दिला. इनोव्हा घेतली, आई पुढच्या सीटवर, सीट मागे ढकललेली, खाली घट्ट उशी. आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की वळणं सोपं जातं, ही तिकडच्या फिजिओची युक्ती. दीड तासाला थांबत, पुण्यात आमच्या मावशीकडे जेवून, पेठ नाक्यावरून आत वळलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आईने खोली बघितली, कॉट बघितली, काही बोलली नाही, देवघराच्या उताराला मात्र हात लावून बघितला.

९ जुलै

मिरजेला पहिली तपासणी. एक्सरे इथे नवीन काढला आणि सरांनी तिकडचा ऑपरेशननंतरचा एक्सरे शेजारी लावला, फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर लगेच उघडली, दांडा मिलिमीटरभरही खाली सरकलेला नाही. जखम कोरडी. दोन्ही पायांची लांबी सारखी. सर आईला म्हणाले, काकू, काम फार चांगलं झालंय, आता ते टिकवायचं तुमच्याकडे. मग सांगितलं की जमिनीवर मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं हे बारा आठवड्यांनी सुरू करायचं नाही, ते कायमचं सोडायचं. जर्मन कागदावर हे नव्हतं, कारण तिकडे कोण जमिनीवर बसतं. इथला डॉक्टर का लागतो त्याचं हे उत्तर आहे.

आई गाडीत गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, मग पूजा?

१० जुलै

सुताराला बोलावून देवांसाठी कमरेएवढं टेबल सांगितलं, पुढे खुर्ची बसेल असं मोकळं ठेवून. चार दिवसात देतो म्हणाला.

ब्युरोकडून मावशी आल्या, दिवसपाळी, सकाळी आठ ते रात्री आठ. आधी फोनवर तिघींशी बोललो होतो, त्यातल्या याच अशा की ज्यांनी खुब्याचा पेशंट आधी सांभाळला होता. त्यांना उचलायचं नाही, फक्त बाजूला उभं राहायचं, हे सांगावं लागलं नाही. फ्रिजवर कागद लावलाय मोठ्या अक्षरात: पोटरी सुजली किंवा दुखली, दम लागला, छातीत दुखलं, थंडी वाजून ताप आला, जखमेतून पाणी आलं, पाय अचानक आखूड किंवा वाकडा दिसला तर वाट बघायची नाही, लगेच फोन. खाली सरांचा, आमच्या डॉक्टरांचा, अ‍ॅम्ब्युलन्सचा १०८, माझा नंबर. रात्री ताई तिच्याजवळ झोपते.

२१ जुलै

फिजिओ मॅडम एक दिवसाआड येतात. घोटे हलवणं, मांडी आवळणं, पाय बाजूला नेणं, आणि मग अंगणात चालणं. आता काठीवर आणलंय. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध, सगळे आल्या-गेलेले तिला उलटं सांगतात, उजव्या हातात धरा म्हणून, आई आता त्यांना समजावते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

भेटायला येणाऱ्यांची रांग आहे. प्रत्येकजण वाकून नमस्कार करतो आणि आई आशीर्वाद द्यायला पुढे झुकते, तिथे मावशींनी खांद्यावर हात ठेवायचा असं ठरलंय.

२९ जुलै

जर्मन लेटरच्या चौथ्या पानावर शेवटून दुसरी ओळ होती, हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करावी. ती ओळ आम्ही पहिल्यापासून लाल रंगाने धरून ठेवली होती कारण ती अशी आहे की सगळ्यांच्या नजरेतून सुटते, सांधा बसवला म्हणजे काम झालं असं वाटतं. बाई दोन पायऱ्यांवरून पडते आणि खुबा मोडतो, म्हणजे हाडातच दम नव्हता. तो खुबा नवा झाला, डावा जुनाच आहे, मणके जुनेच आहेत.

डेक्सा स्कॅन केला, हाडांची घनता मोजतात तो, कंबर आणि डावा खुबा. टी स्कोअर उणे ३ च्या आसपास, उणे २.५ च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. सर म्हणाले वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देऊ, पण आधी तीन गोष्टी. व्हिटॅमिन डी भरून काढायचं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धाडकन उतरतं, ते जर्मनीतच सुरू केलं होतं, इथे आठवड्याला ६०,००० ची पुडी चालू आहे, परत तपासलं तर ३१ आलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, बघायचं, ते ठीक. आणि दातांच्या डॉक्टरकडून तोंड तपासून घ्यायचं, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. आईची एक दाढ हलत होती, ती आज काढली. आता हिरडी भरेपर्यंत थांबायचं.

ताई २६ ला परत गेली. जाताना आईपेक्षा तीच जास्त रडली.

१८ ऑगस्ट

दंतवैद्यांनी हिरडी भरली म्हणून लिहून दिलं आणि १४ तारखेला सलाइन झालं, पाच मिलिग्रॅम, अर्ध्या तासात हळू. आदल्या दिवशीपासून भरपूर पाणी. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंग मोडून आलं, सरांनी हे होणार म्हणून आधीच सांगितलेलं त्यामुळे कोणी घाबरलं नाही, पॅरासिटामॉलवर दोन दिवसात उतरलं. तरी पोटऱ्या आणि जखम बघितलीच, ताप म्हटलं की ते सोडायचं नाही.

२० ऑगस्ट

पाऊस थांबत नाही, कोयनेतून विसर्ग वाढवलाय. गावभागात राहणाऱ्याला २०१९ चा महापूर आठवतो. कृष्णेची आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी, पण काठीवरच्या माणसाला ४५ ची वाट बघत ठेवता येत नाही. होडीत चढणं तिच्यासाठी शक्यच नाही. म्हणून आजच सकाळी आईला मिरजेला मामांकडे हलवलं, घरात पाणी येवो न येवो. तळमजला, कमोड आहे, आणि सरांचं हॉस्पिटल जवळ. उंच सीट, कॉटचे ठोकळे, गोळ्या, फाइल सगळं सोबत. फाइलचे फोटो ताईकडे आणि माझ्या मेलवर आहेतच.

२६ ऑगस्ट

पाणी ओसरलं, आई काल घरी आली. उद्या गणपती. आज मिरजेत तीन महिन्यांचा एक्सरे, हाड दांड्याला धरतंय, सर खूश. काठी आता फक्त घराबाहेर पडताना. त्यांनी तो एक्सरे आपणहून जर्मन सर्जनना पाठवला आणि संध्याकाळी तिकडून उत्तर पण आलं, त्यांनाही बघायला मिळत नाही म्हणे परदेशी गेलेला पेशंट पुढे कसा आहे ते.

३ सप्टेंबर

गौरी झाल्या. आईने खुर्चीवर बसून नव्या टेबलावर पूजा केली, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिनेच कुंकू लावलं, मावशी शेजारी. जमिनीवरची रांगोळी बायकोने काढली.

मावशींची दिवसपाळी या महिनाअखेर संपवायची आणि त्यानंतर फक्त अंघोळीपुरत्या सकाळी दोन तास यायच्या, त्या तयार आहेत. फिजिओ आठवड्यातून एकदा. पुढचा एक्सरे मे महिन्यात, वर्ष झाल्यावर, कॅलेंडरला टाकलाय. पुढचं सलाइन पुढच्या ऑगस्टमधे, त्याआधी परत डी आणि क्रिएटिनिन. इम्प्लांट कार्डाची एक लॅमिनेटेड कॉपी आईच्या पर्समधे, मूळ कार्ड बँकेच्या लॉकरला. आईचं सगळं रेकॉर्ड आता मिरजेच्या सरांकडे तिच्या नावाच्या केस पेपरवर आहे, त्यामुळे ताईला तिकडून काही मागवायचं राहिलेलं नाही.